दिनो झॉफ

दिनो झॉफ (जन्म : २८ फेब्रुवारी १९४२, मारियानो देल फ्रिउली, इटली) हे इटलीचे माजी फुटबॉलपटू, गोलरक्षक आणि प्रशिक्षक आहेत. १९८२ साली स्पेनमध्ये झालेल्या विश्वचषक स्पर्धेत त्यांनी इटलीच्या विजयी संघाचे नेतृत्व केले. त्या वेळी त्यांचे वय चाळीस वर्षांचे होते. विश्वचषक जिंकणारा सर्वांत वयस्क खेळाडू हा मान आजही त्यांच्याच नावावर आहे. १९६८ची युरोपीय अजिंक्यपद स्पर्धा आणि १९८२चा विश्वचषक या दोन्ही स्पर्धा जिंकणारे ते एकमेव इटालियन खेळाडू होत. निवृत्तीनंतर त्यांनी युव्हेंटस, लाझिओ आणि फिओरेंतिना या क्लबांचे व इटलीच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षकपद सांभाळले. लाझिओचे ते काही वर्षे अध्यक्षही होते. गोलरक्षक सहसा मुख्य प्रशिक्षकपदापर्यंत पोहोचत नाहीत. खेळाडू, प्रशिक्षक आणि क्लबचा प्रमुख या तिन्ही नात्यांनी अग्रस्थानी राहिलेल्या थोड्या गोलरक्षकांत झॉफ यांची गणना होते.

बालपण आणि सुरुवात

ईशान्य इटलीतील फ्रिउली या प्रदेशात, एका शेतकरी कुटुंबात झॉफ यांचा जन्म झाला. हा प्रदेश कष्टाळू व मितभाषी माणसांसाठी ओळखला जातो, आणि झॉफ यांच्या स्वभावाचे वर्णन करताना इटालियन लेखक बहुधा त्यांच्या जन्मभूमीचा दाखला देतात. मुलाने खेळाबरोबर एखादा हातचा धंदाही शिकावा असा वडिलांचा आग्रह होता. त्यानुसार त्यांनी यंत्रदुरुस्तीचे काम शिकून घेतले.

वयाच्या चौदाव्या वर्षी इंटर मिलान व युव्हेंटस या दोन्ही मोठ्या क्लबांनी त्यांची चाचणी घेतली आणि उंची कमी म्हणून दोघांनीही त्यांना नाकारले. त्यानंतर आजीने त्यांना रोज आठ अंडी खाऊ घालण्याचा सपाटा लावला आणि पुढच्या पाच वर्षांत त्यांची उंची सुमारे ३३ सेंटिमीटरने वाढली, ही हकिकत इटलीत लोकप्रिय आहे. पुढे गावाच्या मारियानेसे या छोट्या संघातून ते उदिनेसे या क्लबात आले.

क्लब कारकीर्द

उदिनेसे आणि मांतोव्हा (१९६१–१९६७)

इटलीच्या सर्वोच्च साखळी स्पर्धेत, म्हणजे सेरी आमध्ये, झॉफ यांनी २४ सप्टेंबर १९६१ रोजी पदार्पण केले. फिओरेंतिनाविरुद्धच्या या सामन्यात उदिनेसेचा २–५ असा पराभव झाला. त्या हंगामात झॉफ यांच्या वाट्याला सेरी आचे केवळ चार सामने आले आणि हंगामाअखेर उदिनेसेची खालच्या श्रेणीत घसरण झाली.

१९६३मध्ये ते मांतोव्हा क्लबात गेले. चार वर्षांच्या या वास्तव्यात त्यांचे नाव देशभर पोहोचले. १ जून १९६७ रोजी, हंगामाच्या अखेरच्या दिवशी, मांतोव्हाने बलाढ्य इंटर मिलानला १–० असे हरवले. इंटरचे अनुभवी गोलरक्षक जुलिआनो सार्ती यांच्या हातून एक साधा चेंडू सुटला व गोल झाला. त्या एका चुकीमुळे इंटरचे अजिंक्यपद हुकले आणि ते युव्हेंटसला मिळाले. दुसऱ्या टोकाला मांतोव्हाचा गोल राखत झॉफ उभे होते. गोलरक्षकाची एक चूक वर्षभराच्या श्रमांवर पाणी फिरवू शकते, याचा हा धडा इटालियन फुटबॉलच्या इतिहासात कायमचा नोंदला गेला आहे.

नापोली (१९६७–१९७२)

१९६७मध्ये झॉफ नापोलीत दाखल झाले. पहिल्याच हंगामात नापोलीने साखळीत दुसरे स्थान मिळवले. पाच हंगामांत त्यांनी क्लबतर्फे साखळीचे १४३ सामने खेळले. याच काळात त्यांची राष्ट्रीय संघात निवड झाली.

युव्हेंटस (१९७२–१९८३)

चौदा वर्षांच्या मुलाला परत पाठवणाऱ्या युव्हेंटसने १९७२ साली, तीस वर्षांच्या झॉफ यांना करारबद्ध केले. सर्वसाधारण खेळाडूची कारकीर्द ज्या वयात उताराला लागते त्या वयात झॉफ यांच्या कारकिर्दीचा सर्वोत्तम कालखंड सुरू झाला. अकरा हंगामांत ते साखळीचे ३३० सामने खेळले आणि एकही सामना चुकला नाही. दुखापत, आजार वा खराब फॉर्म यांपैकी कोणत्याही कारणाने त्यांना साखळीतील एकाही सामन्यात बाहेर बसावे लागले नाही.

या काळात युव्हेंटसने सहा वेळा सेरी आचे अजिंक्यपद (१९७३, १९७५, १९७७, १९७८, १९८१, १९८२), दोन वेळा कोपा इटालिया (१९७९, १९८३) आणि १९७७चा यूएफा कप जिंकला. युरोपियन कपने मात्र त्यांना दोनदा हुलकावणी दिली. १९७३मध्ये बेलग्रेड येथील अंतिम सामन्यात आयाक्सने, तर १९८३मध्ये अथेन्स येथे हांबुर्गने युव्हेंटसला १–० असे नमवले. अथेन्सच्या सामन्यात फेलिक्स मागाट यांनी पेनल्टी क्षेत्राबाहेरून मारलेला फटका निर्णायक ठरला. त्यानंतर त्याच वर्षी, वयाच्या ४१व्या वर्षी, झॉफ निवृत्त झाले. सेरी आमधील त्यांच्या सामन्यांची एकूण संख्या ५७० भरली.

१९७३च्या ‘बालाँ द’ऑर’ पुरस्काराच्या मतदानात योहान क्रायफ यांच्यामागोमाग झॉफ यांनी दुसरे स्थान मिळवले होते.

आंतरराष्ट्रीय कारकीर्द

२० एप्रिल १९६८ रोजी नेपल्स येथे बल्गेरियाविरुद्ध झॉफ यांनी इटलीतर्फे पहिला सामना खेळला. युरोपीय स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीचा हा परतीचा सामना इटलीने २–० असा जिंकला. उपांत्य सामन्यात सोव्हिएत संघाशी बरोबरी झाल्यावर नाणेफेकीने इटलीला अंतिम फेरी मिळाली. युगोस्लाव्हियाविरुद्धचा अंतिम सामना १–१ असा सुटला आणि दोन दिवसांनी झालेल्या फेरसामन्यात इटलीने २–० असा विजय मिळवला. पदार्पणानंतर दोन महिन्यांच्या आत झॉफ युरोपचे विजेते झाले होते. तरीही १९७०च्या मेक्सिको विश्वचषकात पहिली पसंती एन्रिको आल्बेर्तोसी यांना मिळाली आणि झॉफ राखीव खेळाडू म्हणून बाकावर बसले.

१९७२ ते १९७४ या काळात झॉफ यांनी आंतरराष्ट्रीय सामन्यांत सलग १,१४२ मिनिटे एकही गोल होऊ दिला नाही. १५ जून १९७४ रोजी म्युनिक येथे विश्वचषकाच्या सामन्यात हैतीच्या एमानुएल सानॉन यांनी ही मालिका खंडित केली. इटलीने तो सामना ३–१ असा जिंकला, तरी त्या गोलामुळे सानॉन यांचे नाव हैतीत अजरामर झाले.

१९७८च्या अर्जेंटिना विश्वचषकात इटली चौथ्या स्थानावर राहिली. नेदरलँड्सविरुद्ध एर्नी ब्रांट्स व आरी हान यांनी, आणि तिसऱ्या स्थानाच्या सामन्यात ब्राझीलच्या नेलिन्यो व दिर्सेउ यांनी लांबून मारलेल्या फटक्यांवर गोल केले. झॉफ तेव्हा ३६ वर्षांचे होते. त्यांची नजर अधू झाली आहे, लांबचा चेंडू त्यांना दिसत नाही, अशी बोचरी टीका इटालियन वृत्तपत्रांतून झाली. प्रशिक्षक एन्झो बेअर्झोत यांनी मात्र त्यांच्यावरील विश्वास ढळू दिला नाही.

१९८२चा विश्वचषक

स्पेनमधील स्पर्धेची सुरुवात इटलीसाठी निराशाजनक होती. पोलंड, पेरू व कॅमेरून यांच्याविरुद्धचे तिन्ही सामने बरोबरीत सुटले आणि केवळ अधिक गोलांच्या आधारे इटलीने पहिली फेरी ओलांडली. वृत्तपत्रांच्या टीकेला कंटाळून खेळाडूंनी पत्रकारांशी अबोला धरला. संघातर्फे बोलण्याची जबाबदारी कर्णधार या नात्याने झॉफ यांच्यावर आली. संघातील सर्वांत अबोल माणूस संघाचा प्रवक्ता झाला, हा योगायोग इटलीत आजही गमतीने सांगितला जातो.

दुसऱ्या फेरीत इटलीने गतविजेत्या अर्जेंटिनाला २–१ असे हरवले. ५ जुलै रोजी बार्सिलोनातील सारिया मैदानावर ब्राझीलशी गाठ पडली. ब्राझीलला पुढे जाण्यासाठी बरोबरी पुरेशी होती. पावलो रॉसी यांच्या तीन गोलांमुळे इटली ३–२ अशी पुढे असताना, सामन्याच्या अगदी अखेरीस ब्राझीलच्या ऑस्कार यांनी डोक्याने मारलेला चेंडू झॉफ यांनी गोलरेषेवर झेप घेऊन पकडला. चेंडू परतवून न लावता त्यांनी तो जमिनीवर घट्ट दाबून धरला. चेंडू रेषेपार गेल्याचा दावा करीत ब्राझीलचे खेळाडू हात उंचावत होते; परंतु पंचांनी गोल दिला नाही आणि ब्राझील स्पर्धेबाहेर गेला. चार वर्षांपूर्वी ज्यांच्या नजरेवर शंका घेतली गेली, त्यांच्याच हातांनी इटलीला तारले. झॉफ यांच्या कारकिर्दीतील सर्वांत महत्त्वाचा बचाव म्हणून या क्षणाचा उल्लेख केला जातो.

उपांत्य सामन्यात पोलंडवर २–० असा विजय मिळवून इटलीने ११ जुलै १९८२ रोजी माद्रिद येथे पश्चिम जर्मनीला ३–१ असे पराभूत केले. चषक स्वीकारताना झॉफ यांचे वय ४० वर्षे १३३ दिवस होते. परतीच्या विमानात राष्ट्राध्यक्ष सांद्रो पेर्तिनी, बेअर्झोत, फ्रांको काउझिओ व झॉफ हे चौघे पत्ते खेळत असल्याचे छायाचित्र इटलीत घरोघरी परिचित आहे. चषक उंचावणारे हात रेखाटणारे चित्रकार रेनातो गुत्तुझो यांचे चित्र टपाल तिकिटावरही छापण्यात आले.

२९ मे १९८३ रोजी गोथेनबर्ग येथे स्वीडनविरुद्ध त्यांनी अखेरचा आंतरराष्ट्रीय सामना खेळला. इटलीतर्फे त्यांनी ११२ सामने खेळले, त्यांपैकी ५९ सामन्यांत ते कर्णधार होते. निवृत्तीच्या वेळी इटलीतर्फे सर्वाधिक सामने खेळण्याचा विक्रम त्यांच्या नावावर होता.

खेळाची शैली

झॉफ यांच्या खेळात दिखाऊपणा नव्हता. चेंडू येण्यापूर्वीच योग्य जागी उभे राहण्यावर त्यांचा भर असे. त्यामुळे नेत्रदीपक झेप घेण्याची वेळ त्यांच्यावर तुलनेने कमी येई. चेंडू ठोशाने दूर लोटण्याऐवजी तो दोन्ही हातांत पकडणे ते अधिक पसंत करीत, कारण परतवलेला चेंडू पुन्हा प्रतिस्पर्ध्याच्या पायाशी पडण्याचा धोका असतो. त्यांच्या शांतपणाचा परिणाम पुढच्या बचावफळीवरही होत असे. युव्हेंटस व इटलीच्या संघांत गाएतानो शिरेआ, क्लाउदिओ जेंतीले व अँतोनिओ काब्रिनी हे बचावपटू वर्षानुवर्षे त्यांच्यासमोर खेळले आणि या चौघांतील सामंजस्य हे दोन्ही संघांच्या यशाचे मोठे कारण ठरले.

प्रशिक्षक आणि क्लब व्यवस्थापन

गोलरक्षकाचा सराव संघाच्या सरावापासून बराचसा वेगळा असतो. आक्रमणाची आखणी, मधल्या फळीतील देवाणघेवाण यांत त्याचा प्रत्यक्ष सहभाग थोडा असतो, म्हणून निवृत्तीनंतर बहुतेक गोलरक्षक हे गोलरक्षकांचेच प्रशिक्षक होतात. दुसऱ्या बाजूने पाहता, संपूर्ण मैदान सतत समोर असलेला तो एकमेव खेळाडू असतो. झॉफ यांनीही प्रारंभी युव्हेंटसमध्ये गोलरक्षकांना शिकवण्याचे काम केले. १९८६मध्ये त्यांच्याकडे इटलीच्या ऑलिंपिक संघाची सूत्रे आली व त्यांनी हा संघ १९८८च्या सोल ऑलिंपिकसाठी पात्र ठरवला. मात्र प्रत्यक्ष स्पर्धेपूर्वीच युव्हेंटसने त्यांना मुख्य प्रशिक्षक म्हणून बोलावून घेतले.

युव्हेंटस (१९८८–१९९०)

झॉफ यांच्याकडे आलेला संघ मिशेल प्लातिनी यांच्या निवृत्तीनंतर विस्कटलेला होता. शिरेआ हे त्यांचे सहायक होते. ३ सप्टेंबर १९८९ रोजी शिरेआ यांचे पोलंडमध्ये मोटार अपघातात निधन झाले. यूएफा कपमधील प्रतिस्पर्धी गुर्निक झाब्झे या संघाचा खेळ पाहण्यासाठी ते तेथे गेले होते. जुना सहकारी व मित्र गमावल्याचा हा आघात झॉफ यांच्या प्रशिक्षक कारकिर्दीतील सर्वांत दुःखद प्रसंग होय.

त्याच हंगामात युव्हेंटसने दोन करंडक जिंकले. कोपा इटालियाच्या अंतिम फेरीत त्यांनी मिलानला त्यांच्याच मैदानावर १–० असे हरवले. यूएफा कपच्या अंतिम फेरीत फिओरेंतिनावर तुरिनमध्ये ३–१ असा विजय मिळवून आणि दुसरा सामना गोलशून्य बरोबरीत सोडवून त्यांनी तोही करंडक पटकावला. खेळाडू म्हणून जिंकलेला यूएफा कप झॉफ यांनी त्याच क्लबचे प्रशिक्षक म्हणून पुन्हा जिंकला.

एवढे यश मिळूनही हंगाम संपताच त्यांना पद सोडावे लागले. आरिगो साक्की यांच्या मिलानने आक्रमक, विभागवार बचावाच्या पद्धतीने युरोप जिंकला होता आणि युव्हेंटसच्या नव्या व्यवस्थापनाला तशीच आकर्षक शैली हवी होती. त्यांच्या जागी आलेल्या जिजी मायफ्रेदी यांच्या संघाला पुढील हंगामात सातवे स्थान मिळाले व युरोपीय स्पर्धांची पात्रताही गमवावी लागली. निकाल महत्त्वाचा की शैली, या इटालियन फुटबॉलमधील जुन्या वादात १९९०चा हा निर्णय नेहमी उदाहरणादाखल दिला जातो.

लाझिओ (१९९०–१९९८, २००१)

रोममधील लाझिओ क्लबात झॉफ यांना प्रशिक्षक म्हणून चार वर्षे मिळाली. पहिल्या दोन हंगामांत संघ गुणतक्त्याच्या मध्यभागी राहिला. १९९२मध्ये उद्योजक सेर्जिओ क्रान्योत्ती यांनी क्लब ताब्यात घेतला. ज्युसेप्पे सिन्योरी, पॉल गॅस्कॉइन यांच्यासारखे खेळाडू आले. १९९३मध्ये पाचवे व १९९४मध्ये चौथे स्थान मिळवून लाझिओने दीड दशकानंतर युरोपीय स्पर्धांत पुनरागमन केले. पुढे जगातील उत्कृष्ट बचावपटूंत गणले गेलेले आलेस्सांद्रो नेस्ता यांना सेरी आमध्ये प्रथम संधी झॉफ यांनीच १९९४मध्ये दिली.

१९९४मध्ये झ्देनेक झेमान प्रशिक्षक झाले आणि झॉफ क्लबचे अध्यक्ष बनले. क्लबची मालकी क्रान्योत्ती यांच्याकडेच होती. क्लबचे प्रतिनिधित्व आणि खेळविषयक कारभार हे झॉफ यांचे काम होते. जानेवारी १९९७मध्ये झेमान यांना दूर केल्यानंतर झॉफ यांनी पुन्हा सरावाचे मैदान गाठले आणि संघाला चौथ्या स्थानापर्यंत नेले. एकाच क्लबचा प्रशिक्षक, मग अध्यक्ष, मग पुन्हा प्रशिक्षक असा प्रवास फुटबॉलमध्ये दुर्मीळ आहे. जानेवारी २००१मध्ये स्वेन-गोरान एरिक्सन यांच्या जागी ते तिसऱ्यांदा लाझिओचे प्रशिक्षक झाले व संघाने तिसरे स्थान मिळवले. मात्र पुढील हंगामाच्या प्रारंभीच, सप्टेंबरमध्ये, त्यांना पदावरून दूर करण्यात आले.

इटलीचा राष्ट्रीय संघ (१९९८–२०००)

१९९८मध्ये चेझारे माल्दिनी यांच्यानंतर झॉफ राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले. २०००च्या युरोपीय स्पर्धेच्या तोंडावर पहिल्या पसंतीचे गोलरक्षक जानलुइजी बुफ्फोन यांच्या हाताला दुखापत झाली आणि फ्रांचेस्को तोल्दो यांना संधी मिळाली. नेदरलँड्सविरुद्धच्या उपांत्य सामन्यात इटलीचा संघ पूर्वार्धातच दहा खेळाडूंवर आला. तरीही १२० मिनिटे गोल न स्वीकारता इटलीने पेनल्टी फटक्यांवर सामना जिंकला. तोल्दो या सामन्याचे नायक ठरले.

२ जुलै २००० रोजी रोटरडॅम येथे फ्रान्सविरुद्धच्या अंतिम सामन्यात मार्को देल्वेक्किओ यांच्या गोलामुळे इटली भरपाई वेळेपर्यंत आघाडीवर होती. अखेरच्या क्षणांत सिल्व्हाँ विल्तोर यांनी बरोबरी साधली. जादा वेळेत पहिला गोल होताच सामना संपवणाऱ्या ‘सुवर्ण गोल’ नियमानुसार दाव्हिद त्रेझेगे यांच्या गोलाने फ्रान्स विजेता ठरला.

दुसऱ्या दिवशी सिल्व्हियो बेर्लुस्कोनी यांनी झॉफ यांच्यावर जाहीर टीका केली. ते तेव्हा देशाच्या संसदेतील विरोधी पक्षनेते आणि मिलान क्लबचे अध्यक्ष होते. झिनेदिन झिदान यांच्यावर स्वतंत्र खेळाडू नेमला नाही, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. आपल्या कामाचा व व्यक्तीचा अपमान झाला असे सांगून झॉफ यांनी ४ जुलै रोजी राजीनामा दिला. त्याच वर्षी ‘वर्ल्ड सॉकर’ या मासिकाने त्यांची जगातील सर्वोत्तम प्रशिक्षक म्हणून निवड केली.

फिओरेंतिना (२००५)

जानेवारी २००५मध्ये झॉफ यांनी संकटात सापडलेल्या फिओरेंतिनाची सूत्रे घेतली. हंगामाच्या अखेरच्या दिवशी संघाने सेरी आमधील आपले स्थान राखले. त्यानंतर त्यांनी पुन्हा प्रशिक्षकपद स्वीकारले नाही. २०१४मध्ये त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले.

भारतीय संदर्भ

भारतात गोलरक्षक ते प्रशिक्षक या वाटचालीचे ठळक उदाहरण म्हणून पीटर थंगराज यांचे नाव घेतले जाते. हैदराबादमध्ये जन्मलेल्या थंगराज यांनी १९५६ व १९६०च्या ऑलिंपिक स्पर्धांत भारताचे प्रतिनिधित्व केले. १९६२च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणाऱ्या संघात ते होते आणि १९६७मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. खेळातून निवृत्त झाल्यावर गोव्यातील वास्को क्लबपासून त्यांनी प्रशिक्षणाला सुरुवात केली. पुढे बोकारो येथे त्यांनी तरुण खेळाडू घडवण्याचे काम केले. २००८मध्ये त्यांचे निधन झाले.

झॉफ यांच्या कारकिर्दीच्या उत्तरार्धात भारतीय गोलरक्षणात गोव्याचे ब्रह्मानंद शंखवाळकर हे नाव पुढे आले. १९५४मध्ये जन्मलेले शंखवाळकर साळगावकर क्लबतर्फे दीर्घकाळ खेळले आणि भारताचे कर्णधारही झाले. १९८३मध्ये बंगालसह संयुक्तपणे आणि १९८४मध्ये स्वतंत्रपणे संतोष करंडक जिंकणाऱ्या गोव्याच्या संघांत त्यांचा मोलाचा वाटा होता. १९९७मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार व २०२२मध्ये पद्मश्री या किताबाने गौरवण्यात आले.

सन्मान आणि विक्रम

* विश्वचषक जिंकणारा सर्वांत वयस्क खेळाडू (१९८२).
* आंतरराष्ट्रीय सामन्यांत सलग १,१४२ मिनिटे गोल न स्वीकारण्याचा विक्रम (१९७२–१९७४).
* युव्हेंटसतर्फे अकरा हंगामांत साखळीचे सलग ३३० सामने.
* खेळाडू म्हणून : युरोपीय अजिंक्यपद १ (१९६८), विश्वचषक १ (१९८२), सेरी आ ६, कोपा इटालिया २, यूएफा कप १.
* प्रशिक्षक म्हणून : कोपा इटालिया १ व यूएफा कप १ (दोन्ही १९९०), युरोपीय स्पर्धेचे उपविजेतेपद (२०००).
* फुटबॉल इतिहास व सांख्यिकी यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या मतदानात विसाव्या शतकातील गोलरक्षकांत लेव्ह याशिन व गॉर्डन बँक्स यांच्यानंतर तिसरे स्थान.
* यूएफाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त गेल्या पन्नास वर्षांतील इटलीचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवड (२००३).